चेनचा झोल
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावरून दरवर्षी आपण इतिहास ऐकता, आरोग्य ऐकता, कीर्तन ऐकता. यंदा कार्यकर्त्यांनी आम्हा उद्यमबागच्या वर्कशॉपवाल्यांना उभे केले. आमचे हात काळे, भाषा निम्मी मराठी, निम्मी कानडी आणि उरलेली लेथची. हिशोब जुळत नसेल तर सांभाळून घ्या.

बेळगावात घरटी एक तरी माणूस फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये नाहीतर गॅरेजमध्ये असतो. आता त्यांची मुले शर्यतीच्या मोटारसायकली बांधायला लागली आहेत. या मुलांसाठी एकच गोष्ट आज सांगणार आहोत. टायमिंग चेनचा झोल. हा धडा आम्ही पुस्तकात वाचलेला नाही. एका मुलाचे इंजिन फोडून शिकलो.

आधी जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. फोर-स्ट्रोक इंजिनात खाली क्रँक फिरतो आणि वर हेडमध्ये कॅमशाफ्ट फिरतो. कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक झाला पाहिजे, म्हणून शंभर सीसीच्या आपल्या नेहमीच्या गाड्यांत खालच्या स्प्रॉकेटला १४ दात आणि वरच्याला २८. दोघांना जोडते ती टायमिंग चेन. तिच्या दोन बाजू. एकीकडून क्रँक चेन खेचतो, ती ओढीची बाजू. दुसरी सैल बाजू. टेन्शनर असतो तो या सैल बाजूला. झोल राहायचाच, तर तो तिकडे राहावा आणि टेन्शनरने तो सांभाळावा, अशी ही योजना.

आता शर्यतीचे इंजिन बांधायचे म्हणजे पहिली गोष्ट, कॉम्प्रेशन वाढवायचे. त्याचा स्वस्त उपाय म्हणजे हेडला फेस मारणे. पिस्टन ५० मिलिमीटरचा असेल आणि हेड अर्धा मिलिमीटर उतरवले, तर साधारण एक सीसी जागा कमी होते. ९ चे कॉम्प्रेशन साडेनऊच्या पुढे जाते. मुलगा खूश, आम्ही खूश.

पण हेड अर्धा मिलिमीटर खाली आले म्हणजे कॅमही तेवढाच खाली आला. चेन मात्र तेवढीच लांब राहिली. दोन्ही बाजूंची मिळून एक मिलिमीटर चेन जास्तीची झाली. सैल बाजूचे टेन्शनर बघून घेईल. ओढीच्या बाजूचे कोण बघणार? क्रँकला आधी तो अर्धा मिलिमीटर गोळा करावा लागतो, मग कॅम हलतो. म्हणजे कॅम उशिरा चालतो. हिशोब सोपा आहे. चेनची एक कडी ६.३५ मिलिमीटर, २८ दातांच्या स्प्रॉकेटची त्रिज्या सुमारे २८ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरला कॅम एक अंश मागे पडतो, आणि क्रँकवर मोजले तर दोन अंश.

आमच्याकडे आलेल्या मुलाच्या इंजिनाला आम्ही हेड ०.६ उतरवले आणि ब्लॉक ०.४. एकूण एक मिलिमीटर. म्हणजे क्रँकवर चार अंश उशीर. त्यात कॅमही ग्राइंड करून जास्त उचल देणारा केलेला. आम्ही खुणा जुळवल्या, कोनाची चकती लावून मोजले, आणि आकडा बरोबर आला.

बरोबर कसा आला? टेन्शनर अजून बसवायचा होता. मोजताना खूण थोडी पुढे गेली, म्हणून आम्ही क्रँक उलटा फिरवून खुणेवर आणला. उलटा फिरवला की ओढीची बाजू सैल होते आणि सैल बाजू ताणली जाते. सगळा झोल चुकीच्या बाजूला गेला आणि कॅमचा उशीर झाकला गेला. आम्ही मोजले ते उभ्या इंजिनाचे खोटे टायमिंग.

गाडी नेल्यावर चार दिवसांनी मुलगा आला. म्हणाला, "दादा, वर पळतीय, पण खालनं वढत न्हाई." उशिरा चालणाऱ्या कॅमचे हे अगदी पहिले लक्षण. आम्ही ऐकले, मान हलवली आणि कार्बोरेटरचा जेट बदलून दिला.

पुढच्या रविवारी कच्च्या ट्रॅकवर, सरळ पट्ट्यात, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टनला लागला. हा व्हॉल्व्ह मिटत असताना पिस्टन त्याच्या पाठोपाठ वर येत असतो. मिटायला उशीर झाला तर पिस्टन त्याला गाठतो. व्हॉल्व्ह वाकला, पिस्टनला भोक पडले, मागचे चाक जाम झाले. मुलाने वेळेवर क्लच दाबला म्हणून तो आज या मांडवात बसला आहे.

त्याचे वडील वर्कशॉपात आले. इंजिनाचे पैसे त्यांनी दिले होते. त्यांनी शांतपणे विचारले, "काय झालं ओ?" आमच्या धंद्यात याचे एक तयार उत्तर असते: चेन लोकल निघाली. आमच्यापैकी एकाच्या ओठावर ते आलेही होते. चेन नवीन होती आणि धड होती. आम्ही म्हणालो, "काका, उद्या सांगतो." रात्री इंजिन खोलून, झोल योग्य बाजूला घेऊन पुन्हा मोजले. चार अंश. सकाळी काकांना चकती दाखवली आणि सांगितले, चेनचा झोल नव्हता, आमच्या कामातला होता. इंजिन आमच्या खर्चाने पुन्हा बांधले.

तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो. मुलांनो, हे लिहून घ्या.

मोजताना इंजिन नेहमी चालत्या दिशेनेच फिरवायचे. खूण पुढे गेली तर पाव फेरा मागे जायचे आणि पुन्हा सुलट खुणेवर यायचे.

कॅम मागे पडला म्हणून एक दात सरकवायचा नाही. एक दात म्हणजे क्रँकवर जवळजवळ २६ अंश. दोन-चार अंशांसाठी स्प्रॉकेटची बोल्टची भोके लांबट करावी लागतात किंवा फिरवून जुळवता येणारे स्प्रॉकेट घ्यावे लागते. भोके लांबवलीत तर बोल्ट सुटणार नाहीत याची हमी आधी.

चेनच्या कड्या काढून झोल जाणार नाही. कड्या जोडीनेच निघतात, म्हणजे १२.७ मिलिमीटर. आपल्याला हवे असतात एक-दोन.

टेन्शनर किती बाहेर आला ते पाहायचे. नव्या चेनलाच तो शेवटाला पोचला असेल, तर चेन झिजल्यावर काय पकडणार?

आणि चेन तारेसारखी ताणायची नाही. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. क्रँक ते कॅम १५० मिलिमीटर अंतर असेल आणि इंजिन ८० अंशांनी तापले, तर चेनची प्रत्येक बाजू सुमारे ०.१३ मिलिमीटरने आणखी ताणली जाते. थंड असताना थोडा झोल हवाच. स्क्रूचा टेन्शनर गच्च आवळणारे चेनची पट्टी आणि बेअरिंग दोन्ही खातात.

शेवटी, पिस्टनवर माती ठेवून टेन्शनरसह इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचे, हेड काढून माती कापायची आणि जाडी मोजायची. आम्ही इनलेटला दीड आणि एक्झॉस्टला दोन मिलिमीटर सोडतो. आमच्यातल्या एकाने मूर्तिकाराकडून शाडू आणला होता. तो वाळतो, त्याची भुकटी इंजिनात राहते. शाडू बाप्पाला, इंजिनाला मुलांची प्लॅस्टिसिन.

आता प्रत्येक इंजिनाच्या कार्डावर आम्ही तीन गोष्टी लिहितो: किती उतरवले, टायमिंग किती आले, आणि कोणी मोजले. तिसऱ्या रकान्यात नाव लिहावे लागते, म्हणून पहिले दोन आकडे खरे येतात.

अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी वर्कशॉप उघडे आहे. आपापली इंजिने घेऊन या. चकती आम्ही देऊ, फिरवायचे तुम्ही. आणि "खालनं वढत न्हाई" असे कोणी म्हणाले, तर या वेळी जेटला हात लावण्याआधी आम्ही चेन बघू.