आठ हातांचे झाड

बोन्साय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खिडकीत मावेल असे वीतभर रोप उभे राहते. मीही पुष्कळ वर्षे तसेच समजत होतो. पण ज्या जपानात ही विद्या वाढली, तिथे झाडांची प्रतवारी हातांवर करतात. एका हाताने उचलते ते एकहाती, दोन्ही हात लावावे लागले तर दोनहाती, दोन माणसे लागली तर चारहाती, असे करीत ही मंडळी आठहातीपर्यंत जातात. म्हणजे चार गड्यांनी कुंडीला हात घालावा, तेव्हा कुठे झाड जागचे हलणार! पाच फुटांपासून साडेसहा फुटांपर्यंत उंच, आणि तरीही बोन्सायच. राजवाड्याच्या बागेत अशी मोठी झाडे असत, म्हणून या वर्गाला ‘बादशाही’ असेही म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, एवढे मोठे झाड बुटके कसे? तर ‘बोन’ म्हणजे उथळ तबक आणि ‘साय’ म्हणजे लागवड. नावात उंचीचा काही संबंध नाही. उथळ कुंडीतले ते झाड पाहताना दूरच्या माळावरचा जुना वृक्ष पाहतो आहोत, असे वाटले म्हणजे झाले. मोठ्या आकाराचा यात एक फायदा असतो. छाटणी करून पाने लहान करता येतात, फुले आणि फळे मात्र आपल्या मापाचीच येतात. हातभर उंचीच्या झाडाला पुरता आंबा लागला तर ते चित्र विजोड दिसते, चारपाच फुटी झाडाला तो त्या मानाने शोभतो. मोठ्या पानांच्या झाडांचेही तसेच.

पण जाड खोड कुंडीत होत नाही, ही गोष्ट हौशी माणसाला उशिरा कळते. झाड आधी जमिनीत मोकळे वाढवायचे, खोड भरले की वरून तोडायचे, नवा फुटवा वाढू द्यायचा, पुन्हा तोडायचे. असे केले म्हणजे खोड बुंध्याशी रुंद आणि शेंड्याकडे निमुळते होते. यात दहा-वीस वर्षे सहज जातात. नाहीतर डोंगरातल्या खडकात वाऱ्यापावसाने आपोआप खुरटलेले झाड खणून आणायचे. घाईच्या माणसाने ओंडका कुंडीत कोंबला आणि वर चार पाने फुटली, तर त्याला मी तरी बोन्साय म्हणणार नाही, मग प्रदर्शनात त्याच्याभोवती कितीही गर्दी होवो!

इटलीत मिलान शहराजवळ पाराब्यागो गावी १९९१ साली बोन्सायचे एक संग्रहालय उघडले. तिथल्या मुख्य झाडाची उंची तीन मीटरच्या आसपास आहे आणि वय हजार वर्षे सांगतात. जात कोणती म्हणाल, तर आपल्या नांद्रुकाच्या गोतातली!

हे वाचले आणि मला आमच्या विहिरीवरचे नांद्रुक आठवले. पाखरांच्या विष्ठेतून बी पडून चिऱ्यांच्या फटीत ते उगवलेले. खोड मांडीएवढे, उंची जेमतेम छातीइतकी. विहिरीची डागडुजी निघाली तेव्हा ते तोडावेच लागणार होते. मी गवंड्याकडून सिमेंटची उथळ कुंडी ओतून घेतली, मुळे कातरून झाड तीत बसवले आणि चौघांनी उचलून ते तालुक्याच्या गावी माझ्या बिऱ्हाडी आणले. आमचे आबा सगळे बघत होते. शेवटी म्हणाले, “अरे, जनावराला आपण दावं बांधतो, पण दिवसा रानात सोडतोच की. ह्याला कवा सोडणार?”

मी आबांना समजावले, की छाटल्याने झाड मरत नाही, ठराविक वर्षांनी मुळे कातरून नवी माती दिली की ते पुन्हा तरतरी धरते. यात खोटे काही नव्हते. पण वैशाखात पेपर तपासायला मी पाच दिवस परगावी गेलो. उथळ कुंडीतली माती उन्हाळ्यात एका दिवसात कोरडी होते, हे वर्गात शिकवावे इतके मला ठाऊक होते, तरी शेजारच्या मुलाला “जरा पाणी घाल” एवढेच सांगून गेलो. परत आलो तो झाडाची एक बाजू वाळलेली. जपानी लोक ज्युनिपरची वाळलेली फांदी सोलून पांढरी करतात आणि तीच शोभा म्हणून राखतात. नांद्रुकाचे लाकूड मऊ, ते कुजते. ती फांदी मला तोडून टाकावी लागली. पावसाळा लागताच झाड पुन्हा गावी नेले.

त्या सुट्टीत आबांना एक हकिकत सांगितली. हिरोशिमाजवळ यामाकी नावाच्या घराण्यात एक पाइन १६२५ पासून कुंडीत वाढवलेला होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला, तो त्या घरापासून सुमारे तीन किलोमीटरांवर. भिंतीच्या आडोशाने झाड वाचले, घरची माणसेही वाचली. पुढे १९७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली त्या निमित्ताने, जपानने पन्नासाहून अधिक बोन्साय त्या देशाला भेट दिले. त्यांत मासारू यामाकींनी हे झाड दिले. ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात ठेवले गेले. बाँबमधून वाचलेले झाड आपण सांभाळतो आहोत, हे तिथल्या लोकांना उमगले २००१ साली, यामाकींचे नातू ते पाहायला आले तेव्हा.

आबांनी सगळे ऐकून घेतले. बाँबविषयी ते काही बोलले नाहीत. त्यांनी विचारले, “तीनशे वर्षं रोज पाणी कोण घालत हुतं?”

“घरचेच, आबा. बाप गेला की मुलगा.”

“आणि तिकडं?”

“तिकडे नोकर माणसे आहेत.”

“सुट्टीच्या दिवशी?”

“सुट्टीच्या दिवशीही घालावेच लागते.”

ते उठून बाहेर गेले. तेव्हापासून नांद्रुकाचे पाणी त्यांच्याकडे आहे. दाव्याची गोष्ट मात्र त्यांनी सोडलेली नाही, आणि त्यावर माझ्यापाशीही पुरते उत्तर नाही. मी शनिवारी गावी गेलो की कुंडीतल्या मातीत बोट खुपसून ते मला दाखवतात आणि म्हणतात, “बघ, खाली ओल हाय.”