कुदळ मारण्याआधी

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी संतसाहित्य, नाट्यसंगीत, इतिहास अशा विषयांवर जाणकार बोलतात. आम्ही त्या पंक्तीतले नाही. आम्ही डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेली, उन्हापावसात साइटवर उभी राहणारी माणसे. आमचा विषयही साधाच आहे. रस्ता, अंगण किंवा प्लॉट खणताना जमिनीखालचे पाइप आणि केबल कसे सांभाळायचे, एवढाच. हा विषय निगमाचा आणि ठेकेदाराचा आहे, आपला नाही, असे कुणाला वाटेल. पण नवे नळ कनेक्शन आपणच घेतो. ड्रेनेजचे चेंबर बदलतो, बोरिंग करवतो, जुना वाडा पाडून फ्लॅट बांधतो. गणपतीच्या मांडवासाठी भर रस्त्यात लोखंडी खुंटे ठोकणारेही आपणच. कुदळ दुसऱ्याच्या हातात असली तरी काम आपले असते.

घराचे भूमिपूजन करताना आपण मुहूर्त विचारतो, दिशा विचारतो, कुदळीलाही हळदकुंकू वाहतो. या जमिनीखाली आधीपासून काय आहे, एवढे मात्र विचारायचे राहून जाते.

आता खाली काय आहे ते पाहू. आपल्या जुन्या वस्तीतला, समजा रामबागेतला एखादा रस्ता अळूवडीसारखा कापून पाहिला, तर एकावर एक थर दिसतील. होळकरांच्या काळापासून हे शहर बिलावली, सिरपूर आणि पुढे यशवंतसागरच्या पाण्यावर वाढले. ते पाणी पुरेना, तेव्हा १९७० मध्ये इंदूरकरांनी नर्मदेसाठी आंदोलन केले आणि १९७८ मध्ये मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, नर्मदा वर चढून आपल्या नळाला आली. त्या लाइनी आल्या. त्यांच्या शेजारी ड्रेनेज, मग विजेच्या केबल, टेलिफोनच्या तांब्याच्या तारा आणि नंतर ऑप्टिकल फायबर. अलीकडे अवंतिका गॅसचे पाइप स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले. या सगळ्यावर आता सिमेंटचा रस्ता. प्रत्येक थर वेगळ्या दशकात, वेगळ्या खात्याने, वेगळ्या ठेकेदाराकडून टाकलेला. प्रत्येकाचा नकाशा वेगळ्या कपाटात. वर रस्ता एकच, खाली बिऱ्हाडे पाच-सात, आणि कुणाची कुणाशी ओळख नाही.

या शहराला पाहणीची शिकवण नवी नाही. १९१८ मध्ये पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने इंदूर दरबाराला शहराचा अहवाल सादर केला. गल्लीबोळ पायी हिंडून आधी शहर समजून घ्यायचे, मगच कुठे हात लावायचा ते ठरवायचे, ही त्यांची पद्धत. वैद्य आधी नाडी बघतो आणि मग औषध देतो, तसेच. शंभर वर्षांनंतर आमच्या हातात जेसीबी आला, पण नाडी बघण्याचा धीर कमी झाला.

झाकले की माणूस विसरतो. ३० मार्च २०२३, रामनवमीचा दिवस. पटेलनगर भागातल्या बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात जुन्या बावडीवरची फरशी खचली आणि ३६ माणसे गेली. आपण सगळ्यांनी तो दिवस पाहिला आहे. तिथे पाइप नव्हता, केबल नव्हती. पण पायाखाली काय आहे याचे विस्मरण किती महाग पडते, हे इंदूरइतके दुसऱ्या कुणाला सांगायला नको.

पाइपाच्या बाबतीत हे विस्मरण आणखी कपटी असते. कुदळीचा घाव बसतो आज आणि परिणाम दिसतो महिन्यांनी, तोही दुसऱ्याच कुणाच्या घरात. आपल्याकडे बहुतेक भागांत नर्मदेचे पाणी दिवसाआड आणि ठरावीक वेळच येते. पाणी चालू असते तेव्हा पाइपात दाब असतो. भेग असली तर पाणी बाहेर जाते, फार तर रस्ता ओला होतो. पाणी बंद झाले की दाब जातो आणि त्याच भेगेतून आजूबाजूची घाण आत ओढली जाते. शेजारी ड्रेनेज गळत असेल तर पुढच्या खेपेला काय येईल, ते सांगायला नको. २०२५ च्या डिसेंबरअखेर भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, शेकडो माणसे आजारी पडली आणि अनेकांचे जीव गेले. मुख्य लाइनीला गळती होती आणि त्या जागेवर शौचालय बांधलेले होते, असे तेव्हा समोर आले. दोष कुणाचा हे ठरवणे चौकशीचे काम आहे. आपण त्यातून एवढेच घ्यायचे की पाण्याच्या लाइनीवर काय बांधले आणि तिच्या शेजारी काय खणले, हा थेट जिवाचा प्रश्न आहे.

गॅसचेही तसेच. बेल्जियममध्ये गिलांगियां नावाच्या गावाजवळ ३० जुलै २००४ रोजी जास्त दाबाची गॅसवाहिनी फुटली आणि २४ माणसे दगावली. त्या वाहिनीला आधीच्या बांधकामात यंत्राचा घाव बसलेला होता. त्या दिवशी ती फुटली नाही, पुढे फुटली. विजेच्या केबलला नुसते खरचटले तरी चालू महिन्यात काही होत नाही. पावसाळ्यात ओल आत शिरते आणि मग एका रात्री सगळी कॉलनी अंधारात जाते. म्हणून आमचे पहिले सांगणे हे की पाइपाला किंवा केबलला धक्का लागला, तर ‘फुटले तर नाही ना’ म्हणून माती ओढून मोकळे होऊ नका. लगेच कळवा. कळवले तर दुरुस्ती तासाभराची असते. झाकलेल्या घावाची किंमत कुणी अनोळखी माणूस मोजतो.

आता प्रत्यक्ष काम कसे करायचे ते सांगतो.

पहिले, विचारा. पाणी आणि ड्रेनेजसाठी नगर निगमाचे झोन कार्यालय, विजेसाठी वीज कंपनीचे झोन, गॅससाठी गॅस कंपनी, फायबरसाठी टेलिकॉमवाले. उत्तर तोंडी नको, लेखी घ्या. मोठ्या कामासाठी केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे ऍप सुरू केले आहे. खणणाऱ्याने जागा नोंदवायची, म्हणजे तिथे ज्यांच्या लाइनी आहेत त्यांना सूचना जाते. बेधडक खोदकामाने देशाचे वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे सरकारनेच तेव्हा सांगितले होते. अमेरिकेत याच कामासाठी २००७ पासून देशभर ८११ हा एकच नंबर आहे.

दुसरे, पाहा. जमीन स्वतः पुष्कळ सांगते. दोन चेंबरच्या मध्ये सरळ रेघ ओढा, तिथे ड्रेनेज असणार. व्हॉल्वचे झाकण, विजेचा फीडर पिलर, गॅसच्या खुणेचे दगड किंवा खांब, सिमेंटच्या रस्त्यावरची जुन्या खोदकामाची थिगळे, हे सगळे वाचायला शिका. उन्हाळ्यातही एखाद्या जागी हिरवळ टिकून असेल तर खाली गळती असू शकते. आणि गल्लीतल्या सर्वांत जुन्या आजोबांना विचारा. लाइन टाकली तेव्हा ते ओट्यावर बसून बघत होते. अनेकदा ऑफिसच्या नकाशापेक्षा त्यांची आठवण पक्की निघते.

तिसरे, नुसत्या यंत्रावर विसंबू नका. केबल शोधणारे यंत्र धातू पकडते, प्लास्टिकचा पाइप त्याला सापडत नाही. रडारसारखे यंत्र आपल्या माळव्याच्या ओल्या काळ्या मातीत फार खोल पाहू शकत नाही. खोलीच्या आकड्यांवरही विसंबू नका. भारतीय मानकाप्रमाणे कमी दाबाची केबल पाऊण मीटर, ११ केव्हीची ९० सेंटिमीटर आणि ३३ केव्हीची १.०५ मीटर खोल हवी. पण नंतर रस्ता खरवडला गेला, वर दुसरी लाइन आडवी आली, तर तीच केबल हातभरावर सापडते. कागदावर ती खोल असते आणि जमिनीत आपल्या कुदळीखाली.

चौथे, लाइन डोळ्यांनी दिसेपर्यंत हातानेच खणा. संशय असेल तिथे आधी आडवा छोटा चाचणी खड्डा घ्या. टोकदार पहार किंवा सब्बल जोराने मारू नका. फावड्याने बाजूबाजूने माती खरवडत या. जेसीबीचा दात तोवर लांब ठेवा. काळ्या मातीत एकदम स्वच्छ वाळू लागली, किंवा विटा किंवा फरश्या ओळीने मांडलेल्या दिसल्या, की तिथेच थांबा. केबल टाकताना खाली-वर वाळू आणि वरून विटा घालतात. ती ओळ म्हणजे ‘खाली मी आहे’ असा निरोप आहे. प्लास्टिकची पट्टी लागली तरी तेच. गॅसचा पाइप बहुधा पिवळा किंवा नारिंगी, पाण्याचा प्लास्टिक पाइप काळा आणि त्यावर निळ्या रेघा. पण चिखलात सगळे एकाच रंगाचे दिसतात, म्हणून पुसून बघा. आणि कुठलीही केबल ‘बंद पडलेली असेल’ असे समजू नका. ती बंद आहे हे फक्त वीज कंपनीने सांगावे.

पाचवे, खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाचा विचार करा. आपल्या शहरात हे काम बरेचदा झाबुआ, अलीराजपूर, धारकडून आलेले मजूर करतात. रोजंदारी ठरते फुटांवर, म्हणून घाई. नकाशा त्यांना कुणी दाखवलेला नसतो. केबल तुटली तर आपली वीज जाते, त्याचे प्राण जातात. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि खड्ड्याची भिंत न सांगता बसते. दीड मीटरच्या खाली जायचे असेल तर बाजूंना फळ्या आणि आधार हवाच. काढलेली माती काठाला लावून ढीग करू नका. काम आपल्या दारात असेल तर ठेकेदाराला हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. काकूंनी चहा नेऊन देताना विचारले तर तो जास्त लवकर ऐकतो, हा आमचा अनुभव.

तरीही लाइन फुटलीच तर? गॅस असेल तर सगळे लांब व्हा, वाऱ्याच्या उलट दिशेला. यंत्र, गाडी, बिडी, विजेचे बटण, जवळ मोबाइल, काही नको. पाइप दाबू नका, त्यावर माती टाकू नका. माती टाकली तर गॅस खालून वाट काढत ड्रेनेजमधून घरात शिरतो. लांब जाऊन गॅस कंपनीच्या आपत्कालीन नंबरवर आणि ११२ वर फोन करा. कंपनीचा नंबर बिलावर असतो, तो आजच फोनमध्ये घालून ठेवा. वीज असेल तर खड्ड्यातल्या माणसाला हाताने ओढू नका, आधी पुरवठा बंद करवा आणि १९१२ वर कळवा. जेसीबीचा दात केबलमध्ये अडकला तर आग लागेपर्यंत चालकाने खाली उतरू नये. पाण्याची लाइन फुटली तर झोनला आणि ३११ ऍपवर कळवा, आणि दुरुस्तीनंतर पहिले पाणी वाहू द्या, पिऊ नका.

मांडवाविषयी कार्यकर्त्यांना एक विनंती. खांबासाठी रस्त्यात खड्डे नकोत. वाळूने भरलेले ड्रम किंवा लोखंडी पाटाचे बैठे खांब वापरा. जनरेटरच्या अर्थिंगची सळई ठोकण्याआधी वीज कंपनीच्या माणसाकडून जागा दाखवून घ्या. एक सळई चुकीच्या जागी गेली तर आरतीच्या वेळी अनर्थ होईल.

शेवटचे सांगणे, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. आजपर्यंत जमिनीखालची माहिती नुसत्या माणसांच्या डोक्यात राहिली. माणूस रिटायर झाला, बदली झाली, देवाघरी गेला, की माहिती गेली. म्हणून यापुढे खड्डा उघडा असताना फोटो काढा. भिंतीच्या कोपऱ्यापासून पाइप किती फुटांवर, किती खोल, हे टेपने मोजून लिहा. आपल्या प्लॉटचा एक हाताने काढलेला नकाशा करा. नळ इथून, ड्रेनेज तिथून, बोरिंग, गॅस, अर्थिंग. एक प्रत मीटरच्या पेटीच्या दारावर आतून चिकटवा आणि एक घराच्या रजिस्ट्रीच्या फाइलीत ठेवा. पिढ्यान् पिढ्या आपण या शहरात दागिने, कागद, कुळाचार सांभाळले. त्यात हा एक कागद वाढवा. आपल्यानंतर त्या अंगणात कुदळ मारणारा कदाचित आपला नातू असेल, कदाचित कुणी परका मजूर. दोघांनाही तो कागद सारखाच उपयोगी पडेल.

 विघ्नहर्त्याला आपण साकडे घालतोच. खणण्याआधी विचारण्याचे काम मात्र त्याने आपल्यावर सोपवले आहे.

गणपती बाप्पा मोरया!