पोटातलं डोपामिन



विद्यार्थ्यांचं संमेलन रामदासपेठेत आणि पाहुणा पोटाचा डॉक्टर, तेव्हा पोटाबद्दलच बोलतो. इथून धंतोलीपर्यंत पावलापावलावर दवाखाना आणि त्याला लागून मेडिकल. परीक्षा जवळ आली की तुमच्यापैकी कितीतरी जण तिथे जाऊन म्हणतात, "काका, ॲसिडिटीची स्ट्रिप द्या." पुष्कळदा हातात पडते ती पँटोप्रॅझोल आणि डोम्परिडोनची कॅप्सूल.

यातलं पँटोप्रॅझोल आम्ल कमी करतं. डोम्परिडोन मात्र डोपामिनचं काम अडवतं. हो, रील्सच्या नादाशी तुम्ही ज्याचं नाव जोडता, तेच डोपामिन! शरीरातलं जवळपास निम्मं डोपामिन पोटातच तयार होतं. तिथे ते जठराची हालचाल मंदावतं, अन्न पुढे सरकायला वेळ लागतो. मेंदूच्या तळाशी उलटीची सूचना देणारी एक जागा आहे, तिलाही ते चेतवतं. म्हणून ते अडवलं की मळमळ थांबते, पोट हलकं होतं.

औषध चांगलं आहे, मीही लिहून देतो. पण त्याने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. म्हणूनच युरोपातल्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये मोठ्यांसाठी दिवसाला ३० मिलिग्रॅम आणि साधारण आठवडाभर, एवढीच मर्यादा घातली. आपल्याकडे लोक ते रोज सकाळी चहाआधी घेतात, महिनोन्‌महिने. मला याची खरोखर काळजी वाटते.

त्याचंच भावंड मेटोक्लोप्रमाइड. ते मेंदूत आणखी आत शिरतं आणि हालचाली सांभाळणारं डोपामिनही अडवतं. उलटी थांबावी म्हणून ते घेतलेली तुमच्या वयाची मुलं कधीकधी कॅज्युअल्टीत येतात. मान एका बाजूला पिळवटलेली, डोळे वर चढलेले, जबडा आखडलेला. आईबापांना वाटतं, फिट आली किंवा बाहेरचं काही झालं. एका इंजेक्शनने बहुधा थोड्याच वेळात मान सरळ होते. पण तोवरची ती भीती मी त्या आयांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे.

आणि घरी आजोबांना पार्किन्सन असेल, तर जास्तच जपा. त्यांच्या मेंदूत डोपामिन आधीच कमी पडलेलं असतं. या आजारात हात कापायला लागण्याच्या कित्येक वर्षं आधी बद्धकोष्ठता सुरू झालेली असू शकते, इतकं पोट आणि मेंदूचं नातं जवळचं आहे. अशा माणसाला मेटोक्लोप्रमाइड दिलं, तर कंप आणि ताठरपणा वाढतो. त्यांच्यासाठी उलटीचं औषध आणायला जाल, तेव्हा पार्किन्सनच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या आणि आधी ती दाखवा.