उघड सुधारणा कीं नवा शोध?

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीच्या कारखान्यांत एके काळीं स्कूटरी तयार होत. १९७५ सालीं निघालेल्या या कंपनींत पुण्याची बजाज ऑटो भागीदार होती. त्याच बजाजच्या एका ठिणगीवरून पुढें मोठा वाद पेटला. आणि कोणत्या सुधारणेस शोध म्हणावें, हा जुना प्रश्न न्यायालयापुढें आला.

२००२ सालीं बजाजनें पेटंटासाठीं अर्ज केला. ज्याच्या सिलिंडरचा व्यास ४५ ते ७० मिलिमीटर आहे अशा लहान एंजिनांत एकाऐवजीं दोन स्पार्क प्लग बसवावयाचे, म्हणजे हवेचें प्रमाण अधिक असलेलें मिश्रणहि नीट जळतें, ही त्यांतील मुख्य कल्पना. २००७ सालीं टीव्हीएस कंपनीनें ‘फ्लेम’ ही मोटारसायकल पुढें आणली. तिलाहि दोन प्लग! बजाजनें हक्कभंगाची तक्रार केली. टीव्हीएसचें म्हणणें असें कीं, दोन प्लगांची युक्ति पूर्वींचीच आहे.

निवाडा कसा करावयाचा? कायदा म्हणतो, उपलब्ध ज्ञानाहून कांहीं तांत्रिक प्रगति किंवा आर्थिक महत्त्व शोधांत असावें. शिवाय त्या विद्येंतील जाणत्यास तो उघड वाटूं नये. लेथवर भांडें धरण्याच्या साधनाविषयींच्या खटल्यांत, १९७८ सालीं, सर्वोच्च न्यायालयानें बजावलें कीं, कारखान्यांतील नेहमींची सुधारणा म्हणजे शोध नव्हे.

परंतु येथेंच एक फसगत आहे. उखाण्याचें उत्तर कळलें कीं उखाणा सोपा वाटतो. म्हणून परीक्षकानें उत्तर विसरून अर्जाच्या दिवशीं जाऊन उभें राहावें. त्या दिवशीं काय ठाऊक होतें? नव्या वस्तूंत निराळें काय? आणि तें अंतर जाणता कारागीर सहज ओलांडता काय? मोठ्या एंजिनांतील दोन प्लग ठाऊक असणें निराळें, आणि लहान एंजिनांत ते बसविण्याची वाट सुचणें निराळें.

मद्रास उच्च न्यायालयानें फेब्रुवारी २००८ मध्यें टीव्हीएसला मनाई केली. मे २००९ मध्यें त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनीं ती उठविली. सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें विक्रीचा हिशेब ठेवण्याच्या अटीवर विक्रीस मुभा देऊन खटला लवकर निकालांत काढण्यास सांगितलें. अखेर २०१९ सालीं उभय कंपन्यांनीं समेट केला.

उघड वस्तूस पेटंट मिळालें, तर वीस वर्षें इतर कारागिरांचे हात बांधले जातात; खऱ्या शोधास नाकारलें, तर संशोधकाचे श्रम फुकट लुटले जातात. न्यायाचा तराजू या दोन अन्यायांच्या मध्यें धरावयाचा असतो.