एकाच पायाची सूज
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू डॉक्टर आहेस, साठीनंतरच्या तब्येतीबद्दल पंधरा मिनिटं बोल. बीपी, शुगर, गुडघे, तुला वाटेल ते." बीपी-शुगरवर बोलणारे आपल्याला रोज भेटतात. मी आज एकाच विषयावर बोलणार आहे. पायाच्या शिरेत होणारी रक्ताची गुठळी.

हाच विषय का, ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या मेळाव्यात ज्याने याच स्टेजवर सगळ्या सरांच्या नकला केल्या, तो आज आपल्यात नाही. वहिनी मात्र आल्या आहेत. परवा फोनवर त्या मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही बोला, पण यांचं नाव घेऊ नका. नाव ऐकलं तर मला तिथे बसवणार नाही." म्हणून नाव घेत नाही.

स्कूटरवरून पडून त्याचा घोटा मोडला होता. सहा आठवडे प्लास्टर होतं. ते निघाल्यावर काही दिवसांनी त्याने आपल्या ग्रुपवर लिहिलं, "पोटरी टम्म सुजलीय, दुखतेय. उपाय सांगा." बघता बघता उपायांचा पाऊस पडला. मिठाच्या पाण्याचा शेक, हळदीचा लेप, तेलाने चोळणं. उपाय सांगणाऱ्या कुणावर माझा राग नाही. प्लास्टर निघाल्यावर पाय सुजतोच, असं सगळ्यांना वाटतं आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण त्या ग्रुपमध्ये डॉक्टर मी एकटी होते. ओपीडीच्या गडबडीत मी लिहिलं, "पाय उशीवर उंच ठेव. उद्या फोन करते." दुसऱ्या दिवशी फोन राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो न्हाणीघरात धाप लागून कोसळला. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकली होती.

मी फोन केला असता तर तो वाचलाच असता, असं मी वैद्यकाच्या नावाने सांगू शकत नाही. पण एक संधी होती आणि ती मी घालवली. हे मला तुमच्यासमोर आणि वहिनींसमोर बोलायचं होतं. आता उरलेली मिनिटं तुमच्या उपयोगाची.

सर, तुम्ही नववीत हृदयाची आकृती काढून विचारलं होतंत, "हृदय रक्त खाली ढकलतं हे कळलं. पण पायातलं रक्त परत वर कसं चढतं?" तेव्हा सगळा वर्ग गप्प बसला होता. आज उत्तर देते. पायातलं रक्त वर चढवते ती आपली पोटरी. पाऊल टाकलं की पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकतं. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये छोट्या झडपा असतात. विहिरीवरच्या पंपासारखंच हे काम. चालणं थांबलं की पंप थांबतो.

रक्त शिरेत का गोठतं, याची तीन कारणं वैद्यकाचे विद्यार्थी रुडॉल्फ फिरशो या जर्मन डॉक्टरांच्या नावाने शिकतात. त्यांनी १८५६ च्या सुमारास या विषयावर मोठं काम केलं. पहिलं कारण, रक्ताचा प्रवाह मंद होणं. दुसरं, शिरेच्या अस्तराला इजा होणं. तिसरं, रक्ताचीच गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. आपल्या मित्राला हाड मोडल्याने इजा होती आणि प्लास्टरने पंप बंद होता.

हीच कारणं आपल्या घरांत कुठे दिसतात ते बघा. खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन. आपल्यापैकी किती जणांचं झालंय, ते सकाळी जिना चढताना दिसलंच. आजारपणात दिवसेंदिवस अंथरुणाला खिळणं. कॅन्सर. लठ्ठपणा. चार तासांहून जास्त एका जागी बसून केलेला प्रवास, मग तो विमानाचा असो की रात्रीच्या बसचा. आधी कधी गुठळी झालेली असणं, किंवा आईवडील, भावंडांना झालेली असणं.

मुली-सुनांच्या दोन गोष्टी मुद्दाम सांगते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत हा धोका वाढलेला असतो. नेमकं त्याच काळात आपण बाळंतिणीला सव्वा महिना खाटेवरून उतरू देत नाही. तिला विश्रांती द्या, पण डॉक्टरांनी परवानगी दिली की घरातल्या घरात चालूही द्या. दुसरं म्हणजे गोळ्या. काही गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो. गणपती किंवा पूजा आली की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणल्या जातात. त्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ देऊ नका, विशेषतः घरात कुणाला गुठळी झाली असेल तर.

आता ओळखायचं कसं? दोन्ही पायांना संध्याकाळी थोडी सूज येते, त्याची कारणं बहुधा वेगळी असतात. पण एकच पाय सुजला, पोटरी किंवा मांडी दुखते, कातडी गरम लागते, रंग लालसर किंवा काळपट झाला, तर गुठळीची शंका घ्यायची. असा पाय चोळायचा नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं किंवा चक्कर येऊन माणूस पडला, तर दिवसाचीही वाट पाहायची नाही. सरळ मोठं हॉस्पिटल.

नुसत्या हाताने तपासून खात्री होत नाही. खात्री होते ती डॉपलर सोनोग्राफीने. सुई नाही, दुखणं नाही. शीर यंत्राने हलकेच दाबून बघतात. निरोगी शीर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. डी-डायमर नावाची एक रक्तचाचणी आहे. धोका कमी वाटत असेल आणि ती चाचणी नॉर्मल आली, तर गुठळी नाही असं बहुतेक धरता येतं. पण ती वाढलेली आली म्हणजे गुठळी आहेच असं नाही. ताप, ऑपरेशन, वाढतं वय यांनीही ती वाढते. फुप्फुसाची शंका असेल तर शिरेतून औषध सोडून छातीचा सीटी स्कॅन करतात.

उपचार म्हणजे मुख्यतः रक्त पातळ करणारी औषधं. ती गुठळी विरघळवत नाहीत, तिला वाढू देत नाहीत. विरघळवण्याचं काम शरीर हळूहळू स्वतः करतं. जीवच धोक्यात असेल तेव्हा गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. साधारणपणे औषध किमान तीन महिने असतं, काहींना जन्मभर.

यातल्या एका जुन्या औषधाची गोष्ट आजच्या मेळाव्याला शोभेशी आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत आणि कॅनडात कुजका चारा खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मरत होती. १९३३ च्या हिवाळ्यात एक शेतकरी बर्फातून मेलेली कालवड, न गोठणाऱ्या रक्ताचा डबा आणि तो चारा घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आला. काही वर्षांनी त्या चाऱ्यातलं द्रव्य सापडलं. त्यावरून पुढे जे औषध बनलं, ते आधी उंदीर मारायला विकलं गेलं आणि १९५० च्या दशकात माणसांना द्यायला लागले. त्याचं नाव वॉरफरिन. त्यातला 'वॉर्फ' म्हणजे कोण? ज्या संस्थेने या संशोधनाला पैसा दिला, त्या विस्कॉन्सिनच्या माजी विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रतिष्ठानाची ती इंग्रजी आद्याक्षरं. माजी विद्यार्थी एकत्र आले की नुसतं जेवण आणि फोटोच होतात असं नाही!

वॉरफरिन घेणाऱ्यांनी आयएनआर ही तपासणी वेळेवर करायची. बहुतेकांमध्ये ती २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. मेथी-पालक बंद करायचे नाहीत, पण एक आठवडा शून्य आणि दुसऱ्या आठवड्यात रोज, असंही करायचं नाही. नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही, पण त्या सगळ्यांना चालत नाहीत. औषध कुठलंही असो, बरं वाटलं म्हणून मनाने थांबवू नका आणि अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. काळी शी, लघवीतून रक्त किंवा डोक्याला मार, यातलं काही झालं तर लगेच दाखवा.

शेवटचं, प्रतिबंध. पीटीच्या सरांनी आपल्याकडून उन्हात कदमताल करून घेतला, तेव्हा आपण त्यांना किती नावं ठेवली! आता खुर्चीत बसल्या बसल्याच टाचा उचला. चवडे टेकलेले ठेवा. वर, खाली. वर, खाली. दहा वेळा. बसमध्ये, विमानात, टीव्हीसमोर हेच करायचं. तासा-दोन तासांनी उठून चार पावलं चालायचं. आणि ऑपरेशन ठरलं की सर्जनला विचारायचं, "गुठळी होऊ नये म्हणून काय करणार आहात?"

आणि आपल्या ग्रुपसाठी माझी एक विनंती. कुणी 'एक पाय सुजलाय' असं लिहिलं, तर उपाय सांगू नका. मला फोन करा, रात्री दोन वाजता असला तरी. मी नाही उचलला, तर त्याच्या गावात जो कुणी असेल त्याने त्याला उचलून दवाखान्यात न्या. 'उद्या फोन करते' असं मी आता कुणालाही लिहीत नाही.

वहिनी, तुम्ही आलात, आमच्यात बसलात, त्याबद्दल सगळ्या वर्गातर्फे तुमचे आभार.