कलमाचा चाकू



आमचा चिंचणी-डहाणूचा पट्टा चिकूच्या वाड्यांचा. चिकूचं कलम खिरणीच्या रोपावर बांधतात, आणि त्यासाठी लागतो कलमाचा चाकू. घडीचा, खिशात मावणारा. माझ्या आजोबांच्या बंडीच्या खिशात तो कायम असे. आता तो माझ्याकडे आहे. जुने चाकू जमवायचा नाद मला लागला तो त्याच्यामुळेच.

त्याच्या पात्याला धार एकाच अंगानं दिलेली आहे, दुसरं अंग अगदी सपाट. खिरणीचा काप आणि चिकूचा काप एकमेकांना घट्ट भिडला पाहिजे. मध्ये पोकळी राहिली की कलम वाळलंच म्हणून समजा. पात्याच्या बुंध्याशी बारीक शिक्का आहे : एक तारा आणि एक क्रूस. इंग्लंडातल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची ही खूण. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात याच कंपनीनं 75 पात्यांचा एक चाकू मांडला होता. असेल तो थोर, पण कलम बांधायला एकच पातं लागतं आणि ते असं लागतं.

मूठ सांबरशिंगाची. हे शिंग हिंदुस्थानातून बोटीनं शेफिल्डला जायचं आणि चाकूची मूठ होऊन पुन्हा आपल्या बाजारात यायचं. दोन्ही बाजूंच्या चिपा रंगानं, खडबडीतपणानं जुळणाऱ्या निवडलेल्या आहेत. आता कायद्यानं आपल्याकडे या शिंगाचा व्यापार बंद आहे, आणि तेच योग्य आहे.

पण कारागिराचा हात खरा कळतो तो सांध्यात. मुठीच्या पाठीला पोलादी पट्टी असते, तीच स्प्रिंग. पातं मिटलेलं असो, अर्धं उघडलेलं असो की पूर्ण, पाठीवरून नख फिरवून पाहावं. तिन्ही वेळा नख कुठेही अडलं नाही, तर कुणीतरी कानस चालवत, पुन्हा पुन्हा जोडून पाहत तो सांधा जुळवलेला आहे.

आमच्याकडे दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत. पोलादात केसाएवढी रेघ काढणारी माणसं. त्यांतल्या एका शेजाऱ्याच्या हाती मी हा चाकू दिला. भिंगाखाली धरून त्यानं पाच-सहा वेळा उघडमीट केली आणि म्हणाला, “दादा, याला फट कुठाय?”

दुसरा एक चाकू मी हौसेनं चकचकीत करायला दिला होता. बफच्या चाकावर शिक्का पार पुसला गेला, पात्याच्या कडा बोथट झाल्या. त्याची हळहळ अजून जात नाही. जुन्या पोलादावरचा काळसर रंग घासू नका. आपल्या खाऱ्या हवेत गंज चढतो तो सांध्यातून. तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, फडक्यानं पुसा, बस. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं.

दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून वस्तू गोळा केल्या, म्हणून पुण्याच्या त्यांच्या संग्रहालयात आज जुने अडकित्ते पाहायला मिळतात. घडीच्या चाकूवर मात्र फारशी कुणाची नजर जात नाही. तो भंगाराच्या पोत्यात जातो. तुमच्या ट्रंकेत, मशीनच्या खणात असा एखादा असेल, तर आधी तो कानाशी धरून, बोटं सांभाळून मिटून पाहा. चांगल्या चाकूचा आवाज एकच येतो, कोरडा, टक्कन. आजोबा ओटीवर चाकू मिटायचे, तो आवाज माजघरात ऐकू यायचा आणि आजी चहाचं आधण ठेवायची.