फोंतेन्हास : पायीं पाहावयाची वस्ती

पणजीस येणारा प्रवासी बहुधा मांडवीकडे तोंड करून उभा राहतो. नदीचें विस्तीर्ण पात्र, पलीकडचा बेतीचा काठ आणि ये-जा करणाऱ्या फेरीबोटी पाहण्यांत त्याची संध्याकाळ सहज निघून जाते. परंतु शहराच्या पूर्वेच्या अंगाला मांडवीस येऊन मिळणारी एक लहानशी खाडी आहे. तिला ओरेंची खाडी म्हणतात. ही खाडी आणि आल्तिनोची टेकडी यांच्या दरम्यान जी चिंचोळी वस्ती पसरली आहे, तिचें नांव फोंतेन्हास. मोटारींतून पाहूं गेल्यास ती पांच मिनिटांत संपते. पायीं पाहूं गेल्यास अर्धा दिवस अपुरा पडतो. श्रोतेहो, या वस्तीचा परिचय पायांनींच करून घेतला पाहिजे.

आरंभ नदीकाठच्या आदिलशाही राजवाड्यापासून करावा. विजापूरकरांचा हा वाडा १५१० सालीं पोर्तुगीजांच्या हातीं गेला आणि १७५९ सालीं व्हाइसरॉयनें जुनें गोवें सोडून तेथें बिऱ्हाड केलें. वाड्याच्या शेजारीं एक विलक्षण पुतळा आहे. पायघोळ झगा घातलेला एक पाद्री दोन्ही हात पुढें पसरून उभा आहे व त्याच्यासमोर एक स्त्री अर्धवट कोसळलेल्या अवस्थेंत दिसते. हा आबे फारिया. १७५६ सालीं कांदोळीस जन्मलेल्या या गोमंतकीयानें पॅरिसमध्यें संमोहनाचे प्रयोग केले आणि मोहनिद्रेचें मूळ प्रयोग करणाराच्या अंगच्या गूढ शक्तींत नसून निद्रिस्ताच्या स्वतःच्याच मनांत असतें, असें प्रतिपादिलें. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनीं घडविलेला हा पुतळा १९४५ सालीं उभारण्यांत आला.

तेथून पूर्वेस थोडें चाललें म्हणजे खाडीचें मुख लागतें. पलीकडे रायबंदरच्या दिशेनें गेलेला लांबच लांब बांध दिसतो. लिन्यारिशचा काउंट व्हाइसरॉय असतांना १६३३-३४ सालीं बांधलेल्या या सुमारें तीन किलोमीटर लांबीच्या चिरेबंदी बांधावरून आजहि वाहनें धांवतात. येथें नदीकडे पाठ करावी आणि खाडीच्या कडेकडेनें चालूं लागावें. डाव्या हातास पाणी आणि उजव्या हातास घरांची रांग येते.

या जागीं पूर्वीं माडांची बाग होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मोझांबिकांत धन मिळवून परतलेल्या आंतोनियु जुआंव द सिकेर नांवाच्या गृहस्थानें ही जागा वसविली. मोझांबिकहून आला म्हणून लोक त्याला 'मोसमीकर' म्हणत. पुढें १८४३ सालीं पणजीस राजधानीचा दर्जा मिळाला, सरकारी कचेऱ्यांचा व्याप वाढला आणि कारकून व अंमलदार यांना घरें हवीं झालीं. टेकडी आणि खाडी यांमधील जागा मुळांतच अरुंद. त्यामुळें घरें एकमेकांस खेटून, रस्त्याच्या अगदीं कडेला उभीं राहिलीं. गल्ल्या वांकड्यातिकड्या दिसतात, त्याचें कारण कोणाच्या लहरींत शोधूं नये. तें टेकडीच्या उतारांत आहे.

घरें चिऱ्याचीं, छपरें कौलारू, आणि रस्त्यावर झुकलेले सज्जे. भिंती कोठें गडद निळ्या, कोठें हळदीसारख्या पिवळ्या, कोठें काविसारख्या तांबड्या. दारांखिडक्यांच्या चौकटींना मात्र पांढरी किनार. निव्वळ पांढरा रंग देवालयांसाठीं राखून ठेवावा असा पोर्तुगीज अमदानींत दंडक होता, असें सांगतात. कांहीं जुन्या खिडक्यांत कांचेच्या ऐवजीं चपट्या शिंपल्यांच्या पातळ चकत्या लांकडी पट्ट्यांत बसविलेल्या आढळतात. त्यांतून ऊन गाळून येतें. घरांत उजेड असतो, पण डोळे दिपत नाहींत.

रस्त्यांचीं व घरांचीं नांवें निळ्यापांढऱ्या फरशांवर हातानें लिहिलेलीं आहेत. या फरशांना पोर्तुगीज भाषेंत 'आझुलेझु' म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी. वस्तींतील कलादालनांत अशा फरशा पाहावयास व विकत घ्यावयास मिळतात. भाजलेल्या फरशीवर प्रथम पांढऱ्या लुकणाचा थर देतात, तो वाळला कीं त्यावर कुंचल्यानें चित्र काढतात, आणि मग फरशी पुन्हां भट्टींत जाते. कोरडें लुकण रंग तत्काळ पिऊन टाकतें. एकदां ओढलेली रेघ पुसतां येत नाहीं. म्हणून या कामांत हात सराईत लागतो. या कलेचा थोर नमुना पाहावयाचा असल्यास शहराच्या दुसऱ्या टोंकास मिनेझीश ब्रागांझा संस्थेंत जावें. तेथें जोर्ज कोलासु या चित्रकारानें १९३५ सालीं केलेलीं भिंतभर चित्रें आहेत.

वस्तीच्या मध्यावर सेंट सेबास्तियनचें लहानसें, पांढरेंशुभ्र चॅपेल आहे. आंतील क्रूस मोठा आहे आणि त्यावरील ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. सामान्यतः ख्रिस्ताची मान लवलेली व डोळे मिटलेले दाखवितात. हा क्रूस जुन्या गोव्यांतील इन्क्विझिशनच्या वाड्यांतला. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्प काळ सोडला तर, त्या न्यायासनाची दहशत गोमंतकावर होती. तें बंद झाल्यावर क्रूस पणजीच्या राजवाड्यांत आला आणि १९१८ पासून येथें आहे. आरोपीला ज्या डोळ्यांपुढें उभें केलें जाई, त्यांच्यासमोर आज शेजारच्या आळींतील माणसें शांतपणें प्रार्थना करितात. रंगीत भिंतींचें कौतुक करणाऱ्या प्रवाशानें येथें क्षणभर थांबावें. या वस्तीचा भूतकाळ केवळ गोजिरवाणा नाहीं.

आणखी दक्षिणेस गेलें कीं मळा लागतो. येथें टेकडीच्या पायथ्याशीं 'फोंत फेनिक्स' नांवाचा जुना झरा आहे. झऱ्यावरूनच वस्तीस फोंतेन्हास हें नांव पडलें. जवळच उंचावर मारुतीचें मंदिर आहे. त्याच्या प्रांगणांतून खालचीं कौलें आणि पलीकडची खाडी एका नजरेंत येतात. मंदिराची घंटा आणि चॅपेलची घंटा एकाच वस्तीच्या कानांवर पडते.

या वस्तीला कलेचा वारसा आहे, तसेंच तिचें एक दुखणेंहि आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं येथें कलामहोत्सव भरले, तेव्हां रहिवाशांनीं आपल्या बैठकीच्या खोल्या चित्रांसाठीं उघड्या केल्या. परका माणूस उंबरठा ओलांडून आंत आला आणि पाहुणा झाला. आतां पुष्कळ प्रवासी उंबरठ्यावरच थांबतात. कोणाच्या पायरीवर बसावें, कोणाच्या दाराला टेकून छायाचित्र काढावें, आणि घरांतल्या वृद्धेनें खिडकी लावून घ्यावी, असें दररोज घडतें. कांहीं घरांवर छायाचित्रें काढण्यास मनाई करणाऱ्या पाट्या लागल्या आहेत. अशा घरांची डागडुजी खर्चाची. प्रत्येक पावसाळ्यानंतर भिंती पुन्हां रंगवाव्या लागतात. तो खर्च झेपेना म्हणजे घराचें पथिकगृह होतें किंवा उपाहारगृह होतें. घर वांचतें खरें. पण अशीं सर्वच घरें झालीं तर सज्जांत कपडे वाळत घालणारें कोणी उरणार नाहीं. मग वस्ती रंगभूमीवरील देखाव्यासारखी होईल.

परततांना खाडीवरचा पूल ओलांडून पाटो भागांत यावें. तेथें कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. १८३२ सालीं स्थापन झालेल्या या ग्रंथालयास ज्याचें नांव दिलें आहे, त्या केळशीच्या कवीनें सोळाव्या शतकांत मराठी ओंवींत कृष्णचरित्र रचलें. आंत भिंतींवर मारियो मिरांडा यांच्या कुंचल्यांतील गोमंतकीय माणसें भेटतात : पाववाला, पाद्री, गवई, बाजारांत भांडणारी बाई. या चित्रांत माणसें प्रथम दिसतात, घरें मागाहून.

फोंतेन्हास पाहावयास जाणारानेंहि हाच क्रम पाळावा. दारांत कोणी उभें असल्यास आधीं नमस्कार करावा, मग भिंतीच्या रंगाकडे पाहावें. दुपारीं एक ते चार आवाज खालीं ठेवावा, कारण ती गोमंतकीयांची विश्रांतीची वेळ. एवढा शिष्टाचार सांभाळून जो चालेल, त्याला एखादी बंद खिडकी उघडतांनाहि दिसेल.